फिजिक्स करायचंय, पण आधी कम्युनिटी कॉलेजात? एका आईच्या प्रश्नाला उत्तर

ताई, तुमच्या पत्राचा गाभा आधी मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मुलगा कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या हायस्कुलातून यंदा बाहेर पडतोय आणि त्याला फिजिक्सच करायचंय. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या (युसी) बर्कली आणि लॉस एंजेलिस शाखांनी नाही म्हटलं, रिव्हरसाइडने हो म्हटलंय. आता तो म्हणतो, घरी राहून दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज (पदवीची पहिली दोन वर्षं कमी फीत शिकवणारं सरकारी कॉलेज) करतो आणि मग ट्रान्सफर घेऊन, म्हणजे थेट तिसऱ्या वर्षाला, बर्कलीला जातो. उत्तर १ मेच्या आत द्यायचंय. तुम्ही तीन प्रश्न विचारलेत: तिथे फिजिक्स नीट शिकवतात का, दोन वर्षांत खरंच होतं का, आणि पुढे पीएच.डी.च्या वेळी हे आड येतं का. चौथा प्रश्न तुम्ही लिहिलेला नाही, पण पत्रभर तोच जाणवतो. लोक काय म्हणतील?

मी सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात १८ वर्षं फिजिक्स शिकवतेय. त्याआधी पुण्यात एम.एस्सी. केलं, तेव्हा ‘कम्युनिटी कॉलेज’ हा शब्द माझ्याही कानावर आलेला नव्हता. म्हणून चौथ्यापासूनच सुरुवात करते.

आपल्याकडे दहावीनंतर डिप्लोमा करून मुलं इंजिनिअरिंगला ‘डायरेक्ट सेकंड इयर’ला येतात, ते आठवा. पहिल्या सेमिस्टरला गणितात त्यांची दमछाक होते, बाकीचे त्यांच्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघतात, आणि वर्कशॉपमध्ये मात्र तेच सगळ्यांच्या पुढे असतात. इथलं चित्र बरंचसं तसंच आहे. फरक एवढाच, की कॅलिफोर्नियात ही आडवाट नाही. १९६० च्या मास्टर प्लॅनमध्ये राज्याने हा रस्ता मुद्दाम आखला: वरच्या साडेबारा टक्के मुलांसाठी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, वरच्या एक तृतीयांशांसाठी कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी (सीएसयू), आणि कम्युनिटी कॉलेजचं दार सगळ्यांना उघडं, तिथून वर जायचा जिना बांधलेला. आज राज्यात अशी ११६ कॉलेजं आहेत. माणसाचा जीनोम (जनुकसंच) उलगडण्यात पुढे असलेले शास्त्रज्ञ क्रेग व्हेंटर कॉलेज ऑफ सॅन मटेओमधून युसी सॅन डिएगोला गेले. स्पेस शटलची पहिली महिला कमांडर आयलीन कॉलिन्स न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंग कम्युनिटी कॉलेजातून सिरॅक्यूजला गेली. पदवीच्या कागदावर शेवटच्या विद्यापीठाचंच नाव असतं. गणपतीच्या कार्यक्रमात कोणी भुवई उंचावली, तर व्हेंटरचं नाव सांगा आणि मोदक पुढे करा.

आता शिकवण्याबद्दल. मोठ्या विद्यापीठात पहिल्या वर्षाचं मेकॅनिक्स दोनशे-तीनशे मुलांच्या सभागृहात चालतं आणि लॅब घेतात पीएच.डी.ची मुलं. आमच्याकडे वर्गात तीस-पस्तीस जण, आणि लॅबही मीच घेते. आमच्याकडे टीचिंग असिस्टंट ही जातच नाही. पेपर मीच तपासते, त्यामुळे कोणाला फ्री-बॉडी डायग्राम (वस्तूवरच्या बलांची आकृती) काढताना नॉर्मल फोर्स कायम ‘एमजी’एवढाच, म्हणजे वजनाएवढाच, वाटतो, हे मला तिसऱ्या आठवड्यात माहीत असतं. आमच्या नोकरीत संशोधनाची सक्ती नाही, शिकवणं हेच काम. काही जण कंटाळलेलेही असतात, ते कुठे नसतात?

लॅबचं मात्र आवर्जून सांगते, कारण आपल्या पालकांना तिथे धक्का बसतो. मी शिकले तेव्हा प्रॅक्टिकल म्हणजे जर्नल. सीनियरचं जर्नल समोर ठेवायचं, ‘जी’ची (गुरुत्वत्वरणाची) किंमत ९८१ च्या आसपास आणायची, सही घ्यायची. इथे ९८१ आलं म्हणून कोणी टाळ्या वाजवत नाही. तुमच्या मोजमापात अनिश्चितता किती, ती कुठून आली, उत्तर त्या मर्यादेत बसतं का, हे लिहावं लागतं. एकदा एका मुलाने लंबकावरून ९४० काढलं आणि दोन पानं भरून दाखवलं की दोऱ्याची लांबी त्याने गोळ्याच्या मध्याऐवजी वरच्या कडेपर्यंत मोजली होती. त्याला मी पूर्ण गुण दिले. विद्यापीठात जाऊन कुठल्याही संशोधन गटात उभं राहायचं, तर हीच सवय उपयोगी पडते.

तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर: पहिल्या दोन वर्षांचं फिजिक्स आमच्याकडे चांगलं होतं, अनेकदा मोठ्या विद्यापीठापेक्षा चांगलं. अडचण येते ती दुसऱ्या प्रश्नात. तिथे जरा थांबून वाचा.

फिजिक्स म्हणजे साखळी आहे. इतिहास किंवा अर्थशास्त्र घेणारा मुलगा एखादा कोर्स मागेपुढे करू शकतो, फिजिक्सवाला नाही. बहुतेक कॉलेजांत मेकॅनिक्सला बसायच्या आधी पहिलं कॅल्क्युलस झालेलं लागतं. म्हणजे पहिल्या सेमिस्टरला कॅल्क्युलस एक. दुसऱ्याला कॅल्क्युलस दोन आणि मेकॅनिक्स. तिसऱ्याला मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस आणि इलेक्ट्रिसिटी-मॅग्नेटिझम. चौथ्याला डिफरन्शियल इक्वेशन्स, लिनिअर अल्जिब्रा, आणि फिजिक्सचा तिसरा भाग, ज्यात ऑप्टिक्स, थर्मोडायनॅमिक्स, थोडं मॉडर्न असं कॉलेजगणिक वेगवेगळं असतं. चार सेमिस्टर, एकही रिकामी जागा नाही. एका कोर्सला ‘सी’च्या खाली गेलात, किंवा पहिल्याच सेमिस्टरला ‘आधी जनरल एज्युकेशन (मुख्य विषयाबाहेरचे सक्तीचे कोर्स) उरकून घेऊ’ म्हटलंत, की दोनाची तीन वर्षं होतात. त्यातून फिजिक्सचा तिसरा भाग पुष्कळ कॉलेजांत वर्षातून एकदाच होतो आणि मुलं कमी पडली तर रद्दही होतो.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये, चुकून शिकलेय. नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एका हुशार मुलाला मी सल्ला दिला की इंग्रजी, इतिहास, मानसशास्त्र आधी संपव, मग निवांतपणे फिजिक्स कर. आपल्या डोक्यात ‘कंपल्सरी विषय आधी’ असतंच ना. दोन वर्षांनी त्याच्याकडे जनरल एज्युकेशन पूर्ण होतं आणि लिनिअर अल्जिब्रा नव्हता, फिजिक्सचा तिसरा भाग नव्हता. त्याला तिसरं वर्ष काढावं लागलं. फिजिक्ससारख्या विषयांना युसी स्वतःच सांगते की मेजरची (मुख्य विषयाची) तयारी आधी, जनरल एज्युकेशनचा सगळा संच नंतर. इंग्रजी लेखनाचे दोन कोर्स मात्र चुकवून चालत नाही.

तुमच्या मुलाची मेमध्ये एपी कॅल्क्युलस एबीची (हायस्कुलात असतानाच कॉलेजच्या पातळीची) परीक्षा आहे असं लिहिलंय. पाचपैकी तीन किंवा वर गुण आले तर पहिल्या कॅल्क्युलसची सूट सहसा मिळते आणि तो पहिल्याच सेमिस्टरला मेकॅनिक्सला बसू शकतो. मग साखळीत एक मोकळी कडी मिळते, आणि ती सोन्याची आहे. पण काठावर तीन आले असतील तर ऑगस्टच्या आधी जुन्या परीक्षा सोडवायला लावा आणि चेन रूल, इंटिग्रेशन हात न अडखळता होतं का ते बघू दे. आता कॉलेजची प्लेसमेंट परीक्षा नसते. राज्याच्या एबी १७०५ या २०२२ च्या कायद्यानंतर एसटीईएमच्या (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) बहुतेक मुलांना हायस्कूलच्या गुणांवर थेट कॅल्क्युलसमध्येच बसवलं जातं. दार उघडं म्हणजे तयारी झाली असं नव्हे, ते ज्याचं त्यानेच ओळखायचं.

साखळी किती नाजूक आहे त्याची आणखी एक गोष्ट. माझ्या एका विद्यार्थिनीने मेकॅनिक्स आमच्याकडे केलं आणि इलेक्ट्रिसिटी-मॅग्नेटिझमची वेळ नोकरीशी जुळेना म्हणून शेजारच्या कॉलेजात केलं. ते कॉलेज क्वार्टर पद्धतीचं (वर्षात तीन छोटी सत्रं), आमचं सेमिस्टरचं (वर्षात दोन). आमच्याकडे फिजिक्स तीन भागांत, त्यांच्याकडे चार भागांत. विद्यापीठाने करार केलेला असतो संपूर्ण मालिकेचा: या कॉलेजचे तीनही भाग मिळून आमचे तीन. तिच्याकडे अर्धी मालिका इकडची, अर्धी तिकडची, आणि मधल्या लाटा आणि थर्मोडायनॅमिक्स दोन्हीकडून निसटलेले. विषय येत होता, कागद येत नव्हता. म्हणून नियम: फिजिक्सची मालिका जिथे सुरू केली तिथेच संपवायची. गणिताचं थोडं इकडे-तिकडे चालतं, पण तेही विचारूनच. तुम्ही फ्रीमाँटला आहात म्हणून खास सांगते. ओलोनी सेमिस्टरचं, डी अँझा आणि फुटहिल क्वार्टरची. दोन्ही पद्धती चांगल्या आहेत, त्यांची भेळ करू नये.

हे सगळे करार ‘असिस्ट’ नावाच्या राज्याच्या संकेतस्थळावर उघडे आहेत. कॉलेज निवडा, विद्यापीठ निवडा, मेजर निवडा, की कोणता कोर्स कशाच्या बदल्यात धरतात त्याची यादी येते. ऑगस्टमध्ये पहिल्या दिवशी मी मुलांना बर्कली, डेव्हिस, सांता क्रूझ अशा तीन-चार ठिकाणांच्या याद्या शेजारी ठेवून बघायला लावते. मेजर ‘फिजिक्स’च निवडा, ‘अप्लाइड फिजिक्स’ आणि ‘अॅस्ट्रोफिजिक्स’च्या याद्या वेगळ्या असतात. काउन्सेलरकडे तर जायचंच, पण यादी हातात घेऊन. एका काउन्सेलरकडे शेकड्यांनी मुलं असतात, आणि त्यातली फिजिक्सची बोटांवर मोजण्याइतकी.

आता बर्कलीचं स्वप्न. ट्रान्सफरचा अर्ज १ ऑक्टोबरला सुरू होतो आणि नोव्हेंबरअखेर बंद होतो. सरळ चार सेमिस्टरच्या वेळापत्रकात, अर्ज करताना मुलाच्या हातात फिजिक्सचा एकच ग्रेड असतो, मेकॅनिक्सचा. इलेक्ट्रिसिटी-मॅग्नेटिझम तेव्हा चालू असतं. जानेवारीत शरदातल्या (‘फॉल’) सेमिस्टरचे ग्रेड भरायला मिळतात, पण तरी काय, दोन. त्यामुळे पहिल्या वर्षाला ‘सुरुवात आहे, जमेल हळूहळू’ ही सवलत नसते. युसीच्या नियमाने ‘सी’च्या खाली आलेला कोर्सच पुन्हा करून गुण सुधारता येतात. ‘सी’ मिळालेला तसाच राहतो. अडकलाच तर वेळेत नाव काढून ‘डब्ल्यू’ (कोर्स सोडल्याची नोंद) घेतलेला बरा, पण साखळी सेमिस्टरभर थांबते ती थांबतेच.

सहा युसींमध्ये ट्रान्सफरची हमी मिळू शकते, ‘टॅग’ म्हणतात तिला: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा, सांता क्रूझ. सप्टेंबर महिन्यात अर्ज, एकाच ठिकाणी, आणि मेजरप्रमाणे अटी वेगळ्या. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो यात नाहीत. म्हणजे तुमच्या मुलाने सांता क्रूझ किंवा डेव्हिसची हमी खिशात ठेवून बर्कलीला अर्ज करावा. ‘बर्कली नाहीतर काही नाही’ म्हणणाऱ्या मुलाला मी हा रस्ता सुचवत नाही. स्टेट युनिव्हर्सिटीचा मार्ग वेगळा: फिजिक्सची ‘असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर’ ६० युनिट्सची (कोर्सचं वजन युनिटांत मोजतात) असते आणि तिच्यावर सीएसयूत जागा धरली जाते. सॅन होजे स्टेटसारख्या ठिकाणी छोट्या वर्गात शिकून माझे विद्यार्थी चांगल्या नोकऱ्यांत आहेत. बे एरियातल्या मराठी घरांत सीएसयूचं नाव काढलं की चेहरे पडतात, ते मला कधी कळलेलं नाही.

पैशांचं एका दमात सांगते. राज्यातल्या रहिवाशाला युनिटला ४६ डॉलर, ६० युनिट्सचे २,७६० डॉलर. दोन वर्षांचे. क्वार्टरच्या कॉलेजात युनिटला ३१. पहिल्यांदाच पूर्णवेळ कॉलेजात येणाऱ्यांना बरीच कॉलेजं पहिल्या दोन वर्षांची ही फीसुद्धा माफ करतात. युसीची फी वर्षाला पंधरा हजारांच्या आसपास आणि राहण्या-जेवणाचा खर्च त्याहून जास्त. पुस्तकांचं ओझंही कमी झालंय, राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्सचे युनिव्हर्सिटी फिजिक्सचे तीन खंड फुकट उतरवता येतात आणि मी तेच वापरते.

खरी परीक्षा ट्रान्सफरनंतरच्या पहिल्या टर्मला असते. याला इथे ‘ट्रान्सफर शॉक’ म्हणतात, ग्रेड एकदम खाली येतात. कारण समजून घ्या. आमच्याकडून गेलेला मुलगा थेट तिसऱ्या वर्षात पडतो: लॅग्रांजियन मेकॅनिक्स, मॅथेमॅटिकल मेथड्स, लगेच पुढे इलेक्ट्रोडायनॅमिक्स आणि क्वांटम. बर्कली आणि मर्सेड सोडले तर सगळ्या युसी क्वार्टरच्या, दहा आठवड्यांत खेळ खल्लास, चौथ्या आठवड्यात मिडटर्म. शेजारची मुलं दोन वर्षं एकत्र राहिलेली, त्यांचे अभ्यासगट ठरलेले. होमवर्कचे सात प्रश्न असतात आणि एकेक प्रश्न चार तास घेतो. ते गटात बसून सोडवतात आणि आपला मुलगा खोलीत एकटा. आमच्या वर्गात तो पहिला यायचा, तेही इंजिनिअरिंगच्या मुलांमध्ये. पस्तिसांत फिजिक्सवाले दोघे-तिघेच असतात, म्हणून आपण नेमके किती पाण्यात आहोत हे त्याला तोवर कळलेलंच नसतं.

यावर उपाय आहेत आणि ते कंटाळवाणे आहेत. ट्रान्सफरच्या आधीच्या उन्हाळ्यात टेलर सिरीज, कॉम्प्लेक्स नंबर्स, डायव्हर्जन्स, कर्ल, स्टोक्सचं प्रमेय आणि आयगनव्हॅल्यूज पुन्हा हाताने करायच्या. लॅबमधला डेटा एक्सेलमध्ये न काढता पायथनमध्ये काढायला शिकायचं, पहिल्या वर्षापासूनच. पहिल्या टर्मला वरच्या वर्षाचे दोनच फिजिक्स कोर्स घ्यायचे, तीन नाहीत. आणि पहिल्या आठवड्यातच ऑफिस अवर्सना जाऊन बसायचं. आमच्याकडची मुलं यात तरबेज असतात, कारण आमच्या ऑफिसात गर्दी नसते. तिथे गेल्यावर मात्र बुजतात. विद्यापीठात दोनाऐवजी अडीच-तीन वर्षं लागली तरी आकाश कोसळत नाही.

पीएच.डी.चं गणित वेगळं आहे. कोणताही विभाग ‘हा कम्युनिटी कॉलेजातून आला’ म्हणून अर्ज बाजूला ठेवत नाही. पण पीएच.डी.ला संशोधनाचा अनुभव आणि शिफारसपत्रं लागतात, आणि अर्ज असतात शेवटच्या वर्षाच्या डिसेंबरात. चार वर्षं एकाच विद्यापीठात असलेल्या मुलाला त्याआधी तीन उन्हाळे मिळतात. ट्रान्सफरवाल्याला विद्यापीठात गेल्यावर एकच. म्हणून दुसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात, आमच्याकडे असतानाच, नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या ‘आरईयू’ला (पदवीच्या मुलांसाठीचा संशोधन कार्यक्रम) अर्ज करायला मी मुलांच्या मागे लागते. उन्हाळ्यात साधारण दहा आठवडे, मानधन मिळतं, आणि काही ठिकाणी कम्युनिटी कॉलेजच्या मुलांसाठी जागा ठेवलेल्या असतात. ऊर्जा खात्याचा ‘सीसीआय’ कार्यक्रम तर खास आमच्याच मुलांसाठी. लॉरेन्स बर्कली आणि लॉरेन्स लिव्हरमोर या प्रयोगशाळा तुमच्या घरापासून तासाभराच्या आत आहेत. तुमचा मुलगा इथलाच नागरिक, त्याला दोन्ही दारं उघडी.

याच ठिकाणी महाराष्ट्रातून मुलाला एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर थेट कम्युनिटी कॉलेजात पाठवू पाहणाऱ्यांना दोन शब्द, कारण तसेही फोन येतात. ४६ डॉलरचा दर त्यांना लागू नाही, बाहेरच्यांची फी युनिटला काही पट असते. दर टर्मला किमान १२ युनिट्स घ्यावीच लागतात, त्यामुळे कोर्स सोडून देण्याची मोकळीक जवळपास नाही. आणि वर सांगितलेले दोन्ही उन्हाळी कार्यक्रम नागरिक आणि ग्रीनकार्डवाल्यांसाठीच आहेत. फिजिक्ससाठी मी त्यांना सांगते, भारतात चांगली बी.एस्सी. किंवा आयसर करा आणि पीएच.डी.ला या.

आता तुमच्या १ मेबद्दल. ‘माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?’ असं विचाराल म्हणून स्पष्ट लिहिते. रिव्हरसाइडचा खर्च कर्ज न काढता झेपणार असेल आणि मुलगा घराबाहेर राहायला तयार असेल, तर रिव्हरसाइड घ्या. तिथे रीतसर फिजिक्स विभाग आहे, पहिल्या वर्षापासून प्रयोगशाळेत शिरायची संधी आहे, साखळी तिथल्या तिथेच राहते. निव्वळ बर्कलीच्या नावासाठी मिळालेली जागा सोडणं मला पटत नाही. एक लक्षात घ्या, एका युसीत गेल्यावर दुसऱ्या युसीत जायचं म्हटलं तर ट्रान्सफरमध्ये पहिला मान कम्युनिटी कॉलेजच्या मुलांना असतो. त्यामुळे ‘आधी रिव्हरसाइड, मग बर्कली’ ही तडजोड मनात धरू नका. पैशांची ओढाताण होणार असेल, किंवा मुलगा अजून स्वतःचा दिवस स्वतः आखत नसेल, तर आमच्याकडे पाठवा. पण डेव्हिस किंवा सांता क्रूझलाही आनंदाने जाईन, हे त्याने स्वतःच्या तोंडाने म्हटलेलं असावं.

आणखी एक. तुम्ही पत्रात लिहिलंय, ‘मी अधूनमधून त्याच्या सरांना फोन करून विचारत जाईन.’ ते जमणार नाही. मुलगा कॉलेजात आला की, वय सतरा असलं तरी, फर्पा या १९७४ च्या कायद्याने त्याच्या गुणांवर हक्क त्याचा. त्याच्या लेखी परवानगीशिवाय शिक्षक तुम्हाला हजेरीसुद्धा सांगू शकत नाही. दर सेमिस्टरला एखादी आई, बहुधा आपलीच, मला फोन करते आणि मला ‘सॉरी, काकू’ म्हणावं लागतं, फार वाईट वाटतं. कोर्सची यादी घेऊन काही विचारायचं असेल तर त्यानेच मला लिहू दे. मराठीत लिहिलं तरी चालेल, इंग्रजीत लिहिलं तरी.